शनिवारचा चहा

लेआबाईंच्या घरात शनिवारी गॅस पेटत नसे, आणि तो पेटव असं कुणी कुणाला सांगतही नसे. सकाळी साडेसातच्या सुमाराला त्या पुढच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीत येऊन बसत, शाल नीट करत आणि समोरच्या भिंतीला सांगावं तसं म्हणत, "आज गारठा आहे हं." मग मी उठायचं, गॅस पेटवायचा, आलं किसून चहा टाकायचा आणि दोन कप घेऊन बाहेर यायचं, अशी आमची पद्धत पडली होती. पहिल्या शनिवारी मला हे काही कळलं नव्हतं. मी आतून आणखी एक शाल आणून त्यांच्या अंगावर घातली होती. त्यांनी हसून ती घेतली आणि सकाळभर गार पाणी पिऊन राहिल्या. रविवारी म्हणाल्या, "यमुना, अगं शाल काय देतेस! आमच्यात शनिवारी विस्तव पेटवत नाहीत. दुसऱ्याला पेटव म्हणायचंही नाही. पण मी म्हटलं नाही आणि तुलाच चहाची तल्लफ आली, तर त्यात माझा काय दोष? हे देवाला पटतं की नाही, मला ठाऊक नाही. वर गेल्यावर बघू." तेव्हापासून न बोललेलं ऐकायला मी शिकले, असं मला वाटत होतं. ते तितकंसं खरं नव्हतं, आणि हे प्रकरण मी त्याचसाठी लिहिते आहे.

मी पेठकडच्या एका आदिवासी पाड्यावरची. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. दिवाळी झाली की आईबाप द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरीकडे उतरत आणि उन्हाळ्यात परत वर येत. वसतिगृहाच्या यादीत माझं नाव लागलं नाही, तेव्हा आमच्या मराठीच्या मॅडमनी नाशिकरोडला लेआबाईंकडे सोय लावून दिली. लेआबाई निवृत्त नर्स होत्या. सगळी नोकरी त्यांनी बाळंतपणं करण्यात घालवली होती. यजमान वारलेले, मूलबाळ नाही. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे व्हरांडा, आणि दाराच्या चौकटीला तिरकी ठोकलेली बोटभर लांबीची एक डबी. बाहेर जाता-येता त्या तिला बोटं लावून ओठांना लावत. आत देवाचं नाव लिहिलेला कागद आहे, एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं. मागे रेल्वेलाईन होती. गाडी गेली की मांडणीतली ताटं बारीक आवाज करत आणि लेआबाई बोलता बोलता थांबत, ताटं गप्प झाली की तिथूनच पुढे बोलत.

त्या काळात मी दिवसभरात फार थोडे शब्द बोलत असे. कॉलेजात माझ्या बोलण्याला मुली हसतील या भीतीने मी प्रश्न विचारत नसे. डबा जिन्यात बसून खात असे. एकदा ग्रंथालयाच्या रांगेत मागची मुलगी तिच्या मैत्रिणीला सांगत होती, "दारू तर यांच्या रक्तातच असते," आणि मी वळून पाहिल्यावर घाईघाईने म्हणाली, "तू तशी वाटत नाहीस हं." मी चक्क तिला थँक्यू म्हटलं. घरी येऊन लेआबाईंना सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. हातातली जुडी त्यांनी निवडून संपवली. मग म्हणाल्या, "थँक्यू नको होतं म्हणायला."

एकटेपणात त्या माझ्यापेक्षा कितीतरी जुन्या होत्या. त्या बेने इस्रायल, म्हणजे शेकडो वर्षं कोकणात मराठी बोलत राहिलेले ज्यू. "आमच्यात जमून प्रार्थना करायची तर दहा पुरुष लागतात," त्या म्हणायच्या. "इथे एके काळी होते. रेल्वेत होते, शाळेत होते, दवाखान्यात होते. मग कुणी तिकडे इस्रायलला गेले, कुणी ठाण्याला, कुणी मातीत. आता उरले मी. तुला धरलं तरी दोन बायका होतात." त्यांच्या चालीरीतीप्रमाणे कापलेलं मटण नाशकात मिळत नाही, म्हणून ठाण्याहून दीर आले तरच त्यांच्याकडे मटण शिजायचं, एरवी खवल्याची मासळी आणि नारळाच्या रसातली भाजी. मला नागलीच्या भाकरीची आठवण यायची. आई फोनवर विचारायची, "तिथं भाकर नाय भेटत असंल ना गं?" मी म्हणायची, भेटते. एका सुट्टीनंतर आईने खुरासणीच्या तेलाची बाटली दिली. लेआबाईंनी बूच काढून वास घेतला आणि डोळे मिटले. त्यांच्या वाडवडिलांचे कोकणात तेलाचे घाणे होते, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत त्या काचेच्या पेल्यात तेल-पाणी घालून दिवा लावत. त्या शुक्रवारपासून त्यात आमच्या डोंगरातलं तेल जळू लागलं. एवढ्या मोठ्या शहरात माझ्या आईची एक वस्तू कुणाच्या तरी देवापुढे आहे, याचा मला फार आधार वाटे.

त्याच वर्षी तिकडे युद्ध पेटलं. आधी गाझातून आलेल्या हल्लेखोरांनी इस्रायलमधल्या गावांत शिरून माणसं मारली, पळवून नेली, आणि मग गाझावर बॉम्ब पडू लागले ते थांबेनात. फोन उघडला की धुळीने माखलेलं मूल कुणीतरी उचलून पळतंय. लेआबाईंच्या बहिणीचा नातू एली तिथे सैन्यात होता. तो सुखरूप परत यावा म्हणून त्या मलिदा करणार होत्या, म्हणजे गोड पोहे आणि फळं ठेवून एलियाहू नबीच्या नावाने प्रार्थना. आणि मी कॉलेजात एका गटात जाऊ लागले होते. गटाचा म्होरक्या अमोलदादा, एम.ए.ला होता. मला नावाने हाक मारणारा आणि "तुला काय वाटतं, यमुना?" असं विचारणारा कॉलेजातला तो पहिला माणूस. त्याने आम्हाला झायोनवाद समजावून सांगितला, म्हणजे ज्यू लोकांचं स्वतःचं राष्ट्र त्याच जमिनीवर असावं हा विचार. माझ्या मनात एकच प्रश्न आला, की तिथे आधीपासून राहत होते त्यांचं काय झालं? माझ्या आज्याचं शेत धरणात गेलं. कागद होते ते दुसऱ्यांकडे होते, आमच्याकडे फक्त शेत होतं. त्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकातला वाटला नाही.

मी भीत भीत लेआबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माझी बहीण रिबेका लग्न करून गेली. तिला तिथे माणसात आल्यासारखं वाटलं. आपल्या प्रार्थनेची भाषा, आपला शनिवार, सगळं गाव एकदम बंद. सुरुवातीला तिथल्यांनी आपल्या लोकांना विचारलं, तुम्ही खरे ज्यू ना? तरी ती राहिली. माझ्या बापाला मात्र जायचं नव्हतं. म्हणाला, मला कुणी इथून हाकललं नाही, मग मी दुसऱ्याच्या दारात कशाला उभा राहू? मीही राहिले. म्हणून मी कमी ज्यू झाले का?" मग गाडी गेली, ताटं वाजली, आणि या वेळी त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

रविवारी संध्याकाळी चौकात फलक घेऊन उभं राहायचं ठरलं. माझं अक्षर चांगलं म्हणून फलकांचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजात मला कुणी काही काम सांगावं ही पहिलीच वेळ. लेआबाईंनी जुनी कॅलेंडरं काढून दिली. शुक्रवारी दुपारी व्हरांड्यात मी त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत बसले. 'युद्ध थांबवा.' 'मुलांना मारू नका.' 'जमीन हिसकावून राष्ट्र उभं राहत नाही.' हे तिसरं वाचून लेआबाई थबकल्या. "हे मला मान्य नाही सगळं," त्या म्हणाल्या. "पण 'राष्ट्र' जरा ठळक कर, लांबून दिसणार नाही." आणि आत गेल्या. शेवटचा कागद उरला तेव्हा फोनवर अमोलदादाचा निरोप आला, अजून एक लिही, आणि खाली मजकूर. 'फसवणं ज्यूंच्या रक्तातच आहे.' मी ते लिहिलं. अक्षर सुंदर आलं होतं. हे आता लिहितानाही माझा हात अडखळतो, पण तेव्हा अडखळला नाही. मला लेआबाई आठवल्या नाहीत असंही नाही. आठवल्या, आणि वाटलं, हे त्यांच्याबद्दल थोडंच आहे. त्या तशा नाहीत. मग चारही कागदांवर खडे ठेवून मी ब्रश परत द्यायला कॉलेजात गेले.

परत आले तेव्हा व्हरांड्यात अंधार होता, आत दिवा लागला होता. जेवण झाकून ठेवलेलं, लेआबाई झोपायला गेलेल्या. सकाळी त्या खुर्चीत येऊन बसल्या, शाल नीट केली आणि काही म्हणाल्या नाहीत. बाहेर तर चांगलीच थंडी होती. मी चहा केला, नेऊन दिला. "तू घे," त्या म्हणाल्या. "मला नको." कपावर साय धरेपर्यंत मी तिथेच उभी होते. मग व्हरांड्यात गेले. तीन कागद नव्हते. चौथा होता, तसाच, चारही कोपऱ्यांवर खडे, दवाने थोडा ओला. तीन आतल्या कपाटावर गुंडाळून ठेवलेले सापडले. शुक्रवारी दिवा लावायच्या आत त्यांनी ते उचलून आणले होते आणि एक सोडला होता.

मी आत येऊन म्हणाले, "बाई, ते तुमच्याबद्दल नाहीये."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "मग कोणाबद्दल? नाशिकरोडला आमच्यातलं दुसरं कोण राहतं?"

मी गार झालेला कप उचलून आत ठेवला. थोड्या वेळाने त्या भिंतीकडे पाहून म्हणाल्या, "शनिवार आहे. आज मी काही फाडत नाही."

आणि इथे माझी चूक झाली. मी ते वाक्य फक्त कानांनी ऐकलं. या घरात आज काही फाडायचं नाही, तर मीही फाडू नये, यांचा वार मोडू नये, असं मला वाटलं. मला तो त्यांचा मान ठेवणं वाटलं. तो कागद मी हातही न लावता तिथेच राहू दिला आणि दिवसभर खोलीत बसून राहिले. त्या दर अर्ध्या तासाने दारापर्यंत येत, बाहेर पाहत आणि परत जात. आकाशात तीन तारे दिसले की त्यांचा शनिवार संपतो. त्या दिवशी तारे दिसल्यावरही त्यांनी तो कागद उचलला नाही. तो माझ्यासाठीच ठेवलेला होता. गारठा आहे, या वाक्याचंच ते दुसरं रूप होतं, हे मला कळायला रविवार उजाडावा लागला.

रविवारी सकाळी ठाण्याहून त्यांचे दीर सॅम्युअलभाऊ आले, मलिद्याच्या प्रार्थनेसाठी. एका हातात फळांची पिशवी, दुसऱ्या हातात नारळ. फाटक उघडलं आणि व्हरांड्यात त्यांनी तो कागद पाहिला. मोठ्याने, एकेक शब्द करत वाचला. मी दारात होते.

"वहिनी, हे काय आहे?" त्यांनी पिशवी आणि नारळ खाली ठेवला. "हे आपल्या घरात? कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हटलं.

आत येऊन त्यांनी कपाटावरची गुंडाळीही ओढली, उघडली. "आणि हे बघा! जमीन हिसकावून म्हणे! सगळा एकच प्रकार आहे वहिनी. पोटात द्वेष असला की तो असा बाहेर येतो. हिला आजच्या आज काढा."

"ती गुंडाळी खाली ठेव आधी, चुरगळेल," लेआबाई म्हणाल्या. "ते तीन मीच आत आणलेत. दव पडतं, शाई फिसकटली असती."

"तुम्ही आणलेत?"

"मीच. युद्ध थांबवा यात तुला काय चावलं? थांबलं तर एलीच घरी येईल."

"आणि हे जमिनीचं? उद्या म्हणतील इस्रायलच नको. मग एलीने जायचं कुठे? परत कोकणात, रेवदंड्याला?"

"विचार की तिला. मीही विचारणार आहे. ती भांडेल, तू भांड. देश बरोबर आहे की चूक यावर माझा बाप आणि रिबेका जन्मभर भांडले, पत्रातून. दोघंही ज्यूच होते ना?" मग त्यांनी व्हरांड्याकडे हात केला. "ते बाहेरचं वेगळं आहे, सॅम्युअल. त्याच्यावर भांडता येत नाही. माझं रक्तच वाईट म्हटल्यावर मी काय उत्तर देऊ? रक्त तपासून आणू?"

सॅम्युअलभाऊंनी गुंडाळी खाली ठेवली, पण ते माझ्याकडे पाहीनात. मी बाहेर गेले, खडे बाजूला केले आणि कागद फाडला. आठ तुकडे केले, सोळा केले. कुणी थांब म्हटलं नाही, कुणी बरं केलंस असंही म्हटलं नाही. मला ग्रंथालयाची रांग आठवली. त्या मुलीचं अक्षरही बहुतेक चांगलंच असेल.

दुपारी मी माझ्या खोलीत बसून मलिद्याची तयारी ऐकली. पोहे भिजवल्याचा वास, खोबरं खवल्याचा आवाज, कुटलेली वेलची. मग सॅम्युअलभाऊंच्या जाड आवाजातली हिब्रू प्रार्थना, एलियाहू नबीचं नाव पुन्हा पुन्हा, आणि मध्येच लेआबाईंचा बारीक सूर. दहा जणांचं काम दोघं करत होते. मागच्या वेळी मी त्यांच्या शेजारी बसून फळं चिरली होती.

संध्याकाळी तीन फलक घेऊन मी चौकात गेले. जाऊ नये असंही वाटलं, पण ते तीन मला खरेच वाटत होते. अजूनही वाटतात. अमोलदादाने मोजले. "चौथा कुठाय?"

"फाडला."

"फाडला? का?"

"तो युद्धाबद्दल नव्हता. माणसांबद्दल होता."

"अगं ज्यू काय आणि झायोनिस्ट काय, लोकांना एवढं कुठे कळतं? घरमालकीण ओरडली वाटतं."

"त्या ओरडल्या नाहीत," मी म्हटलं. मला वाद घालायची सवय नव्हती, आणि त्याच्याशी तर नाहीच. "झायोनवाद हा विचार आहे, तो चुकीचा आहे असं म्हणता येतं. मीही म्हणते. पण जन्माला आलेलं माणूस चुकीचं आहे असं कसं म्हणायचं? दादा, आमच्याबद्दलही असंच म्हणतात. रक्तातच आहे म्हणून."

"तुझं वेगळं आहे," तो चटकन म्हणाला. "तू कुठे तशी आहेस?"

 'मुलांना मारू नका' हा फलक मी घेतला आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिले. सिटीबसमधून माणसं पाहत होती. एका म्हाताऱ्याने हात जोडले. शेजारचा मुलगा हळूहळू पलीकडे सरकला. सोमवारी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मी नव्हते. त्यानंतर कॉलेजात मला नावाने हाक मारायला पुन्हा कुणी उरलं नाही.

घरी आले तेव्हा सॅम्युअलभाऊ गेले होते. माझ्या टेबलावर ताटली झाकून ठेवलेली. मलिदा, केळ्याचे दोन काप, एक खजूर. घरात असेल त्या प्रत्येकाला वाटा द्यावाच लागतो, हे त्यांनीच मला पूर्वी सांगितलं होतं. त्यामुळे तो वाटा मला दिला होता की रीतीला, हे मी ठरवू शकले नाही. खाल्ला मात्र सगळा.

पुढच्या शुक्रवारी ओट्यावर नवा थर्मास आला. निळा, झाकणाचाच कप असलेला. दिवा लावायच्या आत त्या त्यात चहा भरून ठेवू लागल्या. शनिवारी सकाळी खुर्चीत बसून त्या स्वतःच ओतून घेत, कोमट झालेला असे. मला कधी नको म्हणाल्या नाहीत, फक्त मला काही करायचं उरलं नाही. दिवा मात्र आईच्या तेलाचाच लागत राहिला. आणि नवल म्हणजे आमचं बोलणं थांबलं नव्हतं. इतर दिवशी त्या पेपर उघडून माझ्याशी हट्टाने भांडत. "सांग, एलीने कुठे जायचं?" मी म्हणे, "आणि ज्यांची घरं गेली त्यांनी?" त्या म्हणत, "हे उत्तर नाही, हा प्रश्न आहे." मी म्हणे, "माझ्याकडे एवढंच आहे." कधी त्या चिडत, कधी मी रडकुंडीला येई, आणि दोघी मग आमटीभात खात असू. त्या भांडणाने आमच्यात काहीच तुटलं नाही. तुटलं होतं ते शनिवारचं.

एली सुखरूप घरी आला, तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग बराच वेळ स्वयंपाकघरात एकट्याच उभ्या राहिल्या. आता मी डोंगरात एका आश्रमशाळेत शिकवते, त्या ठाण्याला असतात. मी शनिवारी फोन करत नाही, रविवारी करते. पण मला सांगायचंय ते शेवटच्या शनिवारचं. परीक्षा संपली होती, माझी पेटी बांधून दारात ठेवली होती. मे महिना. नाशिकरोड सकाळपासूनच भाजत होतं, पंखा गरम वारा फेकत होता, लेआबाईंच्या कपाळावर घाम होता. त्या खुर्चीत येऊन बसल्या. थर्मास शेजारच्या स्टुलावर होता. मी पाहिलं, त्याचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं होतं आणि आत काही नव्हतं. आदल्या दिवशी त्यांनी तो भरलाच नव्हता.

मागून गाडी गेली. ताटं वाजली, वाजून थांबली. शाल खुंटीलाच होती. त्यांनी पदराने घाम पुसला आणि समोरच्या भिंतीला म्हणाल्या, "आज गारठा आहे हं."

मी उठले आणि गॅस पेटवला.